सोफा फेकायचा की धुवायचा?

आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममधला सोफा मूळचा कोणत्या रंगाचा, यावर दोन मतं आहेत. सीनियर म्हणतात बिस्किटी. ऑफिसातले जुने कर्मचारी शपथेवर सांगतात की आणला तेव्हा तो आकाशी होता. मी फर्स्ट इयरला आलो तेव्हा तो चहाच्या रंगाचा होता आणि आज मी फायनलला असताना तो चहाच्या चोथ्याच्या रंगाचा आहे, एवढंच मी स्वतःच्या जबाबदारीवर सांगू शकतो.

तर मित्रांनो, या सोफ्याबद्दल हॉस्टेल कमिटीपुढे एक प्रस्ताव आहे. एक थ्री-सीटर आणि चार सिंगल असा सगळा सेट भंगारात काढायचा आणि त्या जागी एस.टी. स्टँडवर असतात तसे भोकाभोकांचे स्टीलचे बाक बसवायचे. कारण काय, तर "पोरं घाण करतात, स्टील पुसता येतं." प्रस्ताव मांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, त्यांनी आमचे बरेच प्रताप पोटात घातले आहेत. पण मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. हा सोफा आल्यापासून एकदाही नीट धुतलेला नाही, आणि जी वस्तू कधी धुतलीच नाही तिला 'साफ होत नाही' म्हणून फेकून देणं मला पटत नाही.

तुम्ही म्हणाल, सोफ्यावर लेख? मॅगझिनला विषय संपले का? पण विचार करा. रात्री अकरा वाजता मॅच बघायला, सबमिशनच्या आदल्या दिवशी जर्नल उतरवायला, घरून वाईट फोन आल्यावर कुणाच्या तरी शेजारी गप्प बसायला या इमारतीत दुसरी जागा कुठली आहे? १९ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कपची फायनल हरल्यावर त्या थ्री-सीटरवर आठ जण बसले होते आणि बराच वेळ कुणी उठलं नाही. स्टीलच्या बाकावर माणूस गाडीची वाट बघतो, बसत नाही. बाक आले की कॉमन रूमची वेटिंग रूम होणार आणि आपण सगळे आपापल्या खोलीत आपापल्या मोबाइलमध्ये.

माझे मामा सांगलीत कुशनचं काम करतात. सोफे, गाड्यांच्या सीटा, थिएटरच्या खुर्च्या. त्यामुळे लहानपणी सुट्टीत मी सोफ्याचं पोट उघडलेलं पुष्कळदा बघितलंय. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून ठोकलेले पट्टे किंवा स्प्रिंगा, मग जुन्या सोफ्यात काथ्या, नव्यात फोम, आणि सगळ्यात वर कापड. घाण प्रामुख्याने त्या वरच्या एक-दोन मिलिमीटरच्या कापडात असते. आणि आपण धुवायला घेतो तेव्हा काय करतो? बादलीभर साबणाचं पाणी ओततो आणि कपडे धुवायच्या ब्रशने घासतो. वरची घाण पाण्याबरोबर फोममध्ये उतरते. फोम म्हणजे स्पंजच, तो आनंदाने सगळं पिऊन घेतो. संध्याकाळी सोफा स्वच्छ दिसतो. दोन दिवसांनी डाग जसाच्या तसा परत वर! मग आपण म्हणतो, "बघ, हा जातच नाही."

यात जादू काही नाही. समईत तेल वातीतून वर चढतं तसंच हे. कापडाचा पृष्ठभाग वाळत जातो तसं खालचं ओलं पाणी धाग्याधाग्यातून वर ओढलं जातं, येताना विरघळलेली घाण घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि घाण तिथेच बसते. मामांचं एक वाक्य आहे, "पाणी घालायला कुणीपण घालतंय, काढायला येतंय का बघ." माझ्या मते सोफा धुण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आलं.

डागाभोवती जी तपकिरी कड उठते तिच्यावर तर मोठमोठ्या लोकांनी काम केलंय. कॉफीचा थेंब वाळला की मध्ये फिका आणि कडेला गडद का होतो, याचं उत्तर रॉबर्ट डीगन आणि शिकागो विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दिलं. थेंबाची कड जागेवर चिकटून राहते, कडेला बाष्पीभवन जोरात होतं, तिथली तूट भरून काढायला मधलं पाणी बाहेर धावतं आणि कण कडेला नेऊन टाकतं. मेकॅनिकलवाल्यांनो, तुमचं फ्लुइड्स असं सोफ्यावर सांडलेलं असतं! यावरून व्यवहारात काय करायचं? फक्त डागापुरतं भिजवायचं नाही. डागावर काम झालं की तो अख्खा भाग, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, हलकासा ओलसर करायचा, म्हणजे कड मध्येच कुठे उमटत नाही. आणि पुसताना बाहेरून आत यायचं. घासायचं नाही, दाबायचं. घासलं की धाग्यांचे गोळे होतात आणि डाग शेजारच्या प्रदेशावर आक्रमण करतो.

धुण्याच्या विद्येत 'झिनरचं वर्तुळ' म्हणून एक गोष्ट आहे. जर्मनीतल्या हेंकेल कंपनीतले केमिस्ट हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेली. कुठलीही सफाई चार गोष्टींवर चालते, रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. एक कमी केली तर बाकीच्यांनी ती भरून काढायची. आता सोफ्याचा हिशोब मांडा. जोरात घासता येत नाही, कापड जातं. उकळतं पाणी ओतता येत नाही. कडक रसायन वापरलं तर रंग उडतो. उरला वेळ. म्हणजे सौम्य साबण लावून दहा मिनिटं गप्प बसणं. आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही, कारण आपण सोफा धुवायला घेतो तो घरी पाहुणे यायच्या किंवा हॉस्टेलवर इन्स्पेक्शन यायच्या तासभर आधी.

मोबाइलवर मात्र तीस सेकंदांत डाग गायब करणारे व्हिडिओ फिरत असतात. खाण्याचा सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, फसफस झाली की काम झालं. फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा राव! आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि खाली उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. फसफस दिसायला छान. सोडा एकटा चांगला, कोरडा भुरभुरून रात्रभर ठेवला तर वास कमी करतो. व्हिनेगरही पातळ करून चहाच्या डागावर उपयोगी. दोघांना एकत्र आणलं की दोघेही वाया.

फेब्रुवारीत आम्ही विंगमधल्या पाच जणांनी एक सिंगल सोफा प्रयोग म्हणून धुतला. मामा फोनवर होते. त्यांची पहिली अट, पाण्याला हात लावायचा नाही. आधी उन्हात नेऊन वेताने झोडपायचा आणि व्हॅक्यूम मारायचा. धूळ आत असताना पाणी घातलं की तिचा चिखल होतो, आणि चिखल काढणं धूळ काढण्यापेक्षा कितीतरी अवघड. झोडपल्यावर जो ढग उठला त्यात समोरची मेस दिसेनाशी झाली. सोफ्याच्या फटीतून निघालेला ऐवज असा: एक कंपास, तीन पेनांची टोपणं, एक रुपयाची सात नाणी, भरपूर शेंगांची टरफलं आणि कधीच पासआउट झालेल्या एका सीनियरचं मेस कार्ड.

दुसरी अट, परीक्षा. बाहेरून येणाऱ्या सोफ्यांवर लेबल असतं. डब्ल्यू म्हणजे पाण्याने चालेल, एस म्हणजे फक्त सॉल्व्हंट, डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही, एक्स म्हणजे नुसता व्हॅक्यूम, बाकी काही नको. आपल्याकडे कारखान्यातून बनवून घेतलेल्या सोफ्याला कसलं लेबल? तेव्हा मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात पांढरं ओलं फडकं दाबून धरायचं. फडक्यावर रंग आला तर थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं. आमच्या फडक्यावर फक्त मळ आला.

मग साबण. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा भांडी घासायचं लिक्विड. ते रवीने ताक घुसळल्यासारखं घुसळायचं आणि वरचा फक्त फेस स्पंजवर घ्यायचा. पाणी बादलीतच राहतं, सोफ्यात जात नाही. कपड्याची पावडर नको, ती पूर्ण निघत नाही आणि उरलेला चिकट थर नवी धूळ ओढतो. पुष्कळ घरांत "धुतल्यापासून लवकर मळायला लागला" अशी तक्रार असते ती यामुळेच. फेस लावला, दहा मिनिटं थांबलो, मऊ ब्रशने एकाच दिशेने फिरवलं, मग साध्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने तीन-चारदा टिपून घेतलं. बादलीतलं पाणी तीनदा बदललं. पहिल्या बादलीचं वर्णन करत नाही, मेसमध्ये जेवायला बसून हा अंक वाचणारे असतील.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पाठीच्या वरच्या भागावर. डोकं टेकतं तिथला तो काळा चकचकीत पट्टा प्रत्येक सोफ्यावर असतो. खोबरेल तेल, घाम आणि धूळ यांची ती अनेक वर्षांची संयुक्त निर्मिती. ही भानगड फक्त आपलीच आहे असं समजू नका. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले पुरुष मकासर नावाचं तेल चोपडायचे आणि खुर्च्या खराब व्हायच्या, म्हणून पाठीवर एक कापड टाकायची पद्धत पडली. त्या कापडाचं नावच मुळी 'अँटिमकासर'! आपल्या सरकारी साहेबांच्या खुर्चीवरचा पांढरा टर्किश टॉवेल याच घराण्यातला. साहेबाचा मान वगैरे नंतरचं, टॉवेल धुता येतो आणि खुर्ची धुता येत नाही हे मूळ कारण. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, थंडीत बाटली उपडी केली तरी पडत नाही हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. म्हणून इथे पाणी कोमटच हवं, गार पाण्याने तो थर हलत नाही. आधी टाल्कम पावडर थापून तासभर ठेवली, तिने वरचं तेल ओढलं. मग फेस, थांबणं, टिपणं, असं तीन वेळा. पट्टा ऐंशी टक्के गेला म्हणू. (हे मोजमाप डोळ्यांनी केलंय, व्हायवात विचारू नका.)

दुसरा मोठा शत्रू, मेसचा रस्सा. यात तेल आहे आणि हळद आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आणि त्याला अल्कली लागली की ते लाल होतं. डागावर साबण लावताच तो लालभडक झाला आणि आमचा एक मित्र ओरडलाच की वाट लागली. वाट वगैरे काही लागत नाही. आपलं पारंपरिक कुंकू हळद आणि चुन्यापासून याच गुणावर बनतं. साबण नीट टिपून काढला आणि थोडं लिंबाचं पाणी लावलं की परत पिवळं. आणि पिवळ्याला औषध एकच, ऊन. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. तेल काढून घ्यायचं आणि तो भाग दोन-तीन दिवस उन्हात येईल असा ठेवायचा. आईने उन्हात वाळत घातलेल्या रुमालावरची हळद अशीच जाते, फक्त आपण तिला कधी विचारलेलं नसतं. अर्थात उन्हाने कापडाचाही रंग उतरतो, तेव्हा महिनाभर नको.

टपरीच्या चहाचा डाग म्हणजे एकात तीन, चहातलं टॅनिन, दुधातली स्निग्धता आणि साखर. ताजा असेल तर नुसतं गार पाणी आणि टिपकागदासारखं दाबलेलं फडकं पुरतं. शिळा असेल तर फेस आणि नंतर पातळ व्हिनेगर. बॉलपेनच्या शाईला कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, च्युइंगगमला बर्फ. रक्ताला कधीच गरम पाणी नको, घट्ट बसतं. ढेकूण असतील तर मात्र हा लेख बाजूला ठेवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलवा, साबणाने ते जात नाहीत.

धुऊन झाल्यावर मामांचं वाक्य आठवलं, पाणी काढा. जुने टॉवेल अंथरून त्यावर आम्ही सगळे आळीपाळीने बसलो. हसू नका, साठ-सत्तर किलोचं फुकटचं प्रेस कुठे मिळतं? मग दोन टेबल फॅन रात्रभर. दुसऱ्या दिवशी दुपारी सोफा कोरडा. कापड धूसर निळं निघालं, शिवणींच्या कडेला जरा बिस्किटी. दोन्ही पक्षांनी विजयाचा दावा केला. दोन डाग गेले नाहीत. त्यातला एक पॉलिशचा असावा, दुसरा कशाचा ते विचारायची आमची हिंमत झाली नाही.

स्टाफमधल्या वाचकांसाठी एक घरगुती गोष्ट. कुशनला चेन असते म्हणून कव्हर काढून मशीनमध्ये टाकू नका. ती चेन बहुतेक वेळा फोम भरायच्या सोयीसाठी असते. कव्हर आटलं तर फोम परत आत जात नाही. आणि हे सगळं जुलैत करू नका. पावसाळी हवेत फोम वाळत नाही, आत बुरशी धरते आणि ओल्या मोज्यांचा वास येतो. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबरची हीट, हेच दिवस.

आता मूळ मुद्दा, धुणार कोण?

कमिटीत कुणीतरी म्हणालं, धुवायचाच असेल तर मावशींना सांगू. मला राग येतो तो इथे. मावशींकडे तीन मजल्यांचे बाथरूम आहेत, जिने आहेत, व्हरांडे आहेत. त्यांना मिळणारं साहित्य म्हणजे फिनाइल आणि दोन बाटल्या, एकीत टॉयलेटचं अ‍ॅसिड, दुसरीत ब्लीच. सोफा साफ करायला सांगाल तर त्या हेच वापरणार, दुसरं दिलंय काय? ब्लीच कापडाचा रंग खातं हा छोटा प्रश्न. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट आणि ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड चुकून एकत्र आलं तर क्लोरीन वायू तयार होतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. आपण केमिकलची डिग्री घेणार, आणि बंद खोलीत त्या बाटल्या हाताळणार सातवी शिकलेल्या मावशी, तेही ग्लोव्हजशिवाय! बाटल्या वेगळ्या कपाटात ठेवा, त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, एवढं तर याच आठवड्यात होऊ शकतं. त्याला कमिटीची मीटिंग लागत नाही.

घरी सोफ्याचं कव्हर आई धुते, इथे मावशींनी धुवावं, आणि आपण फक्त बसावं, ही वाटणी कुणी ठरवली ते मला माहीत नाही, पण ती मोडायला एक सिंगल सोफा पुरला. पाच जण, एक रविवार, आणि लिक्विडचे नव्वद रुपये. दोघांना तर मजाही आली, नावं सांगत नाही.

खर्चाचं बोलू. पाणी ओढून घेणारा घरगुती वेट अँड ड्राय व्हॅक्यूम पाच-सात हजारांत येतो आणि तो सगळ्या हॉस्टेलांना मिळून एक पुरेल. नव्या बाकांचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. "तुम्ही धुवाल, पुढच्या बॅचचं काय?" हा रेक्टर सरांचा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की वर्षातून दोन तारखा ठरवा, मार्चमध्ये एक आणि ऑक्टोबरमध्ये एक, आणि विंगवार पाळी नोटीस बोर्डावर लावा. मेसची पाळी चालते तशी हीही चालेल, म्हणजे थोड्या कुरबुरीने. तारीख चुकली तर त्या विंगचा टी.व्ही. बंद. बघा कसे येतात!

आणि सोफा कायमचा टिकेल असं माझं म्हणणं नाही. थ्री-सीटरचा मधला फोम पार बसलाय, तिथे बसणारा दोन्ही बाजूंच्या माणसांच्या खाली जातो. तो धुऊन उठणार नाही. पण तेव्हाही बदलायचा तो फोम आणि कापड. सांगाडा सागाचा आहे, मी उलटा करून बघितलाय, एकही सांधा हललेला नाही. भंगारवाला त्याचे जळाऊ लाकडाचे पैसे देईल. मामांचा धंदा आहे म्हणून मी हे लिहितोय असं कुणी म्हणेल, पण सोफे नियमित धुतले तर मामांचं नुकसानच आहे.

कमिटीने निर्णय पुढच्या महिन्यावर टाकलाय. तोपर्यंत उरलेले तीन सिंगल धुवायचे असं आमच्या विंगने ठरवलंय. गॅदरिंगनंतरचा पहिला रविवार, सकाळी आठला, मेससमोरच्या मोकळ्या जागेत. बादल्या आहेत, लिक्विड आहे, वेत वॉचमन काका देणार आहेत. टेबल फॅन अजून एक लागेल. येताना जुने टॉवेल आणा आणि ते पांढरेच आणा, मागच्या वेळी एकाने लाल आणला होता.